हळदीकुंकवातली चूक

माझ्याकडे येणाऱ्या माणसाला मी पहिल्याच दिवशी बजावते, की आपण रस्त्यात भेटलो तर मी तुम्हाला ओळख दाखवणार नाही. तुम्ही हसलात तर मी हसेन, तुम्ही मान फिरवलीत तर मीही फिरवेन. राग मानू नका. बहुतेकांना हे ऐकून विचित्र वाटतं. आपल्याकडे ओळखीच्या माणसाशी रस्त्यात न बोलणं म्हणजे भांडण झाल्याची खूण. एका आजोबांनी तर मला विचारलं होतं, "का हो, मी काय चोरी केलीय?"

मी समुपदेशक आहे. नेरुळला एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर माझी दीड खोली आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी शिवणक्लास. माझ्या फायलींवर नावं नसतात, नुसते नंबर. कपाटाची किल्ली माझ्या मंगळसूत्राइतकी माझ्याजवळ असते. एक माणूस गेल्यावर दुसरा येईपर्यंत मी पंधरा मिनिटं मोकळी ठेवते, म्हणजे जिन्यात कुणाची कुणाशी गाठ पडत नाही. नवरा चिडवतो, की बँकेचा लॉकरसुद्धा तुझ्यापेक्षा बोलका. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

या बाबतीत मी फार कडक आहे आणि त्याला कारण आहे. माझे वडील साताऱ्याकडचे, एपीएमसी मार्केटात माथाडी. आम्ही घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहायचो. दोन खोल्यांच्या मध्ये भिंत म्हणून प्लायवूड. मी सातवीत असताना आईची झोप उडाली. तीन महिने ती रात्रभर बसून असायची. शेजारणीला ते कळलं, मग गल्लीला कळलं, मग वाण्याला. वाणी साखरेची पुडी बांधता बांधता सगळ्यांसमोर विचारायचा, "काय वहिनी, लागली का झोप?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आई दुकानात जाईनाशी झाली, आणि पुढे डॉक्टरकडेही जाईनाशी झाली. आजार तीन महिन्यांचा होता, पण तिचं तोंड लपवणं कित्येक वर्षं चाललं.

इतकं सगळं माहीत असलेल्या बाईनं मोठी चूक केली, ती अशी. जिच्याबाबतीत केली तिचं गाव मी लिहीत नाही. नेरुळच्या आसपास खाडीकाठी अशी दोन-चार गावं आहेत. दिवस, वय, घरातली माणसं यांच्या खुणाही बदलल्या आहेत, आणि ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना विचारूनच लिहिते आहे.

ती दर गुरुवारी साडेअकराला यायची. घरी सांगायची, ब्लाऊजच्या क्लासला जाते. क्लास खरोखरच शेजारी असल्यामुळे ते खपून जायचं. अठ्ठावीस वर्षांची, गावातल्या मोठ्या घरातली धाकटी सून. तीन वर्षांची एक मुलगी. बाळंतपणानंतर तिला अचानक छातीत धडधडून यायचं, श्वास कोंडायचा, हातापायांना मुंग्या यायच्या आणि आपण आता मरणार असं वाटायचं. दहा मिनिटांत सगळं ओसरायचं. हा आजार बरा होणारा आहे, आणि ती बरी होतही होती. डॉक्टरांनी दिलेली गोळी ती कढीपत्त्याच्या डब्यात लपवून ठेवायची.

पहिल्या दिवशी तिनं एकच गोष्ट तीन-तीनदा विचारली होती. "मॅडम, घरी नाय ना कळणार?" कारणही तिनंच सांगितलं. तिच्या मोठ्या जावेला असंच काहीतरी झालं होतं. घरात बोभाटा झाला. मग 'आराम कर' म्हणून जावेला माहेरी पोचवलं, आणि तिचा मुलगा इकडेच ठेवून घेतला. त्याला चार वर्षं झाली. जाऊ परत आली नाही. "माझं कळलं तर मलापण पोचवतील. आणि पोरगी देणार नाहीत," ती म्हणाली. मी तिला सांगितलं, की तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तरच मी तोंड उघडेन, आणि तेही आधी तुला सांगून. एरवी कायदाही तुझ्या बाजूनं आहे आणि मीही.

श्वास कोंडायला लागला की काय करायचं, याची आम्ही एक सवय बसवली होती. माझ्या खिडकीला चौकोनांचं ग्रिल आहे. पाय जमिनीवर घट्ट टेकायचे, एक हात पोटावर ठेवायचा आणि ग्रिलमधले चौकोन मोठ्यानं मोजायचे. सात झाले की माझ्याकडे बघायचं. मी मान हलवली की पुढे मोजायचं. सुरुवातीला तिला हसू यायचं. चार महिन्यांत मी नुसतं 'मोज' म्हटलं तरी तिचा हात आपोआप पोटावर जायचा.

त्या वर्षी संक्रांतीनंतर, आम्ही राहतो त्या इमारतीतली शेजारीण मागे लागली. "आपण गावात जायचं हळदीकुंकवाला. माझ्या ओळखीचं घर आहे, फार प्रेमळ माणसं. तुम्ही कधी कुठे येतच नाही, लोकांना वाटतं शिष्ट आहात." शिष्ट म्हटलेलं मला लागलं. मी इरकल नेसले आणि गेले.

चारमजली घर होतं. वरचे मजले भाड्यानं दिलेले, खालचा मोठा हॉल घरच्यांचा. पन्नासेक बायका सतरंजीवर बसलेल्या. आणि दारात हळदीकुंकवाचा करंडा घेऊन तीच उभी होती.

मला तिथूनच मागे फिरता आलं असतं. पोटात दुखतंय म्हणायचं आणि निघायचं. पण शेजारीण माझ्या हाताला धरून उभी होती, आणि दारातून परत गेले तर सगळ्यांचं लक्ष जाईल असं वाटलं. तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग परक्या बाईला लावावं तसं शांतपणे मला कुंकू लावलं, हातावर अत्तर फिरवलं आणि म्हणाली, "बसा ना काकी." चार महिन्यांत ती मला काकी कधीच म्हणाली नव्हती. तिच्या हुशारीचं मला इतकं कौतुक वाटलं, की मी आत जाऊन बसले. माझी पहिली चूक ती.

तिळगूळ झाला, वाण म्हणून स्टीलची वाटी झाली, मग उखाण्यांना सुरुवात झाली. सासूबाई खुर्चीवर बसून एकेकीला उठवत होत्या. ठसठशीत बाई, अंगठ्याएवढं कुंकू, दुखरे गुडघे पुढे पसरलेले. सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर त्या सुनेकडे वळल्या. "आता आमचे घरानली कोन घेनार? ये, हुबी र्‍हा मधी."

ती मधे आली. "खाडीच्या पाण्यावर होडी चालली डोलत..." एवढं म्हणाली आणि थांबली. बायकांना वाटलं विसरली. हसू झालं. कुणीतरी म्हणालं, लाजली गं लाजली. मला मात्र तिच्या मानेची शीर दिसत होती. तिनं डाव्या हाताचा अंगठा उजव्या मुठीत आवळला होता. आता हिचा श्वास जाणार, ही पन्नास बायकांसमोर खाली बसणार, हे मला कळलं.

मी उठले. विचार केला नाही, खरंच केला नाही. दोन पावलं पुढे जाऊन म्हणाले, "पाय टेक. समोरच्या खिडकीतले चौकोन मोज."

आणि तिनं मोजायला सुरुवात केली. हात पोटावर गेला. एक, दोन, तीन, मोठ्यानं. सातला थांबून तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आठ, नऊ, दहा. वीसपर्यंत तिचा चेहरा सैल झाला. 

माझ्या शेजारणीला राहवलं नाही. अभिमानानं म्हणाली, "ह्या काउन्सेलर आहेत ना, ह्यांना सगळं येतं!"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "तुमी वळखता काय हिला?"

खोलीत बसून मला हा प्रश्न कुणी विचारला असता तर माझं उत्तर तयार होतं. पण हळदीकुंकवात उभं राहून 'मी ते सांगत नाही' म्हणणं म्हणजे हो म्हणण्यासारखंच होतं. मी म्हणाले, "उन्हाचं होतं असं. कुणालाही मोजायला लावलं की बरं वाटतं." जानेवारीची संध्याकाळ होती. कुठलं ऊन?  सासूबाईंनी सुनेला आत जायला सांगितलं आणि पुढच्या बाईच्या ओटीत बोरं-गाजरं घातली.

घरी येताना शेजारीण बडबडत होती आणि मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. खरं तर मारायला हवी होती ती मला स्वतःलाच. कपाटाला कुलूप, फायलींना नंबर, फोनमध्ये आडनावं नाहीत, आणि भर हॉलमध्ये माझ्याच तोंडानं मी तिची फाइल उघडून दाखवली होती. मदत करायची इतकी घाई, की कुणाच्या देखत करतोय याचं भान नाही. त्या वाण्यात आणि माझ्यात मग फरक काय राहिला?

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. साडेअकरा वाजले, बारा वाजले. शेजारच्या क्लासमधली मशिनं चालू होती. मी रिकाम्या खुर्चीसमोर बसून होते. फोन करता येत नव्हता, कारण तिचा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर पडलेला असतो आणि जो जवळ असेल तो उचलतो, हे तिनंच मला सांगितलं होतं. मी दोनदा नंबर काढला आणि दोनदा फोन पालथा ठेवला.

शनिवारी मी त्या गावच्या बाजूला भाजी घ्यायला गेले. एरवी मी तिकडे कधीच जात नाही. दुकानाशी सासूबाई दिसल्या, कडेवर नात. मुलगी चॉकलेटसाठी हट्ट करत होती. तिची आई कुठेच नव्हती. मी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन उभीच राहिले. पोचवली असेल का हिला माहेरी? जावेसारखी? भाजीवाली म्हणाली, "घ्यायची तर घ्या, चिवडू नका." मी निघून आले. त्यानंतरचा गुरुवारही रिकामा गेला. मला रात्री जेवण जात नव्हतं आणि नवऱ्यालाही कारण सांगता येत नव्हतं.

मग एका मंगळवारी दुपारी दारावर थाप पडली. सासूबाई. एकट्या. गुडघे धरत जिना चढून आल्या होत्या, धाप लागली होती. बसा म्हणायच्या आत त्या बसल्या, आणि बसल्या त्या नेमक्या सुनेच्या खुर्चीवर.

"माजी सून येतं काय तुमचेकडं?"

"काकी, माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी कुणालाच सांगत नाही."

"मी कोनी परकी नाय. सासू हाय तिची."

"सासूलापण नाही."

"तिचे नवऱ्याला?"

"नाही."

"तिचे आयशीला?"

"तिलाही नाही."

"मंग सांगता तरी कोनाला?" त्यांचा आवाज चढला. "त्या दिशी तुमी एक बोललात न ती मोजाया लागली. पाच वरसं झाली तिला माजे घरान. मी सांगते ते एका दमान कदी ऐकला नाय तिनी. तुमचा ऐकला."

बाई हुशार होती.  त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "नात हाय माजी. ही पोरीला घेऊन खाडीवर जाते, गच्चीवर जाते. उद्या काय झाला त कोन जबाबदार? तुमी? फकस्त हो का नाय, तेवढाच सांगा."

हा प्रश्न मला झटकून टाकता येईना. त्यात नुसती दरडावणी नव्हती, काळजीही होती. मी मनातल्या मनात पुन्हा सगळं तपासलं. धोका असता तर मला बोलावंच लागलं असतं. तो नव्हता, हे मला माहीत होतं, पण 'धोका नाही' एवढं म्हणणं म्हणजेही ती येते हे कबूल करणं. त्यांना दिलासा द्यायला माझ्या जिभेवर दोन शब्द होते आणि ते गिळावे लागत होते. मी एवढंच म्हणाले, "कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला कधीही दिसलं, तर मी हातावर हात ठेवून बसत नाही. हे मी सगळ्यांबद्दल सांगते आहे."

 मग त्या अगदी सहज, गप्पा मारल्यासारखं म्हणाल्या, "आमचे मोठे सुनेचा तुमाला म्हाईतच असंल."

आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मला ते माहीत असण्याचा रस्ता एकच होता. माझी पापणी हलली असती तरी त्यांचं काम झालं असतं. मी उठले, त्यांच्याकडे पाठ केली आणि माठातून पाणी काढलं. ग्लास काठोकाठ भरेपर्यंत वळले नाही. मग तो त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

त्यांनी पाणी पिऊन संपवलं. खिडकीकडे बघितलं. ग्रिलचे चौकोन त्यांना दिसलेच असणार. 

"इथं बोललेला इथंच र्‍हातं?"

"हो."

"माजा पन?"

इथे मी त्यांना थांबवायला हवं होतं. एकाच घरातल्या दोघींचं एकाच बाईनं ऐकायचं नसतं, आम्हाला तसं शिकवलेलं असतं. मी त्यांना दुसऱ्या एका बाईंचा पत्ता देऊ केला. त्यांनी तो हातानंच बाजूला सारला आणि बोलायला लागल्या. अर्धा तास बोलल्या. पदर तोंडाला लावून, थांबत थांबत. त्या काय बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही.

जाताना दारात त्या वळल्या. मघाचा दरारा उरला नव्हता. "मी आलेली हे कोनाला कळाला नाय पायजे."

"नाही कळणार."

"तिला पन नाय."

"कुणालाच नाही," मी म्हणाले. त्या एकेक पायरी सांभाळत उतरल्या.

गुरुवारी साडेअकराला ती आली. दारात उभी राहिली, चपलासुद्धा काढल्या नाहीत. डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिला बघून मला इतकं हायसं वाटलं की माझेच डोळे भरून आले. मी आधी तिची माफी मागितली. म्हणाले, "त्या दिवशी मी चुकले. तुझ्या घरात, तुझ्या माणसांसमोर मी असं बोलायला नको होतं."

"हो, चुकलात," ती म्हणाली. तिनं मला सोडलं नाही ते बरंच झालं. "तुम्ही म्हणाला होता ओळख दाखवणार नाही. त्या रात्रीपासून पोरीला आईंनी स्वतःच्या खोलीत झोपवली. मला हातात देत नव्हत्या. भरवायचीपण त्याच. मी बाहेर पडायचं नाही. पंधरा दिवस मी वाट बघत होते, कधी बॅग भरायला सांगतायत."

मी ऐकून घेतलं. 

"आणि परवा मंगळवारी संध्याकाळी," ती पुढे म्हणाली, "आई कुठूनतरी आल्या, पोरीला उचललं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं. काही बोलल्या नाहीत. आज मी निघाले तर म्हणाल्या, जा क्लासला. मॅडम, मला ह्याचीच जास्त भीती वाटतेय. जावेला पोचवायच्या आधी असंच गोड वागले होते सगळे. त्या इथे आल्या होत्या का?"

मी तिच्याकडे बघितलं. मंगळवारच्या दुपारी मी जे ऐकलं होतं त्यातलं एक वाक्य तिला सांगितलं असतं, तर ती त्या रात्री शांत झोपली असती. इतका मोह मला कधी झाला नव्हता. आणि मी तर तिची देणेकरी होते, तिचं गुपित मी फोडलं होतं.

"माझ्याकडे कोण येतं ते मी सांगत नाही," मी म्हणाले.

"मॅडम, माझ्या पोरीचा प्रश्न आहे!"

"माहीत आहे."

"मी परकी आहे का? एवढं नुसतं हो की नाही सांगा. आल्या होत्या का? तुम्ही काय सांगितलंत त्यांना? एवढं तरी मला कळायला नको?" ती ओरडत होती. शेजारची मशिनं थांबली. मी उठून खिडकी लावून घेतली आणि परत तिच्यासमोर उभी राहिले.

"कुणी आलं असेल नसेल, मी तुला काहीच सांगणार नाही. तू कितीही रडलीस तरी नाही."

तिनं पर्स छातीशी धरली आणि जायला वळली. मला वाटलं, गेली. आता ही परत येत नाही, आणि दोष सगळा माझा. ती जिन्याच्या कठड्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. तिची पाठ माझ्याकडे होती. मग सावकाश वळली. कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"म्हणजे," ती म्हणाली, "त्यांनी विचारलं असेल, तर त्यांनापण तुम्ही असंच सांगितलं असणार."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती तिथेच कठड्याला धरून रडायला लागली, मोठमोठ्यानं, लहान मुलासारखी. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, चपला काढल्या, आत आली आणि दार स्वतःच लावून घेतलं.